सोपी पायवाट

लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी नवऱ्याने तिला एकदाही घाट दाखवला नव्हता. "डोंगर काय, इथून तिथून सारखेच," असं म्हणून तो टेबलावरच्या कागदांत पुन्हा डोकं खुपसायचा. यंदा मात्र गाडी तिनेच बाहेर काढली, त्याला शेजारी बसवलं आणि पर्यटकांसाठीच्या पुस्तिकेत छापलेलं एकेक ठिकाण पालथं घालायला निघाली.

'दरीचं विहंगम दृश्य' छापलं होतं तिथे समोर एका हॉटेलची पाठ होती. 'बारमाही धबधबा' न्हाणीघरातल्या नळासारखा ठिबकत होता. तिने पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं.

तिसरी होती 'सोपी पायवाट, वीस मिनिटं, आजीबाईंनाही सहज जमेल.' दीड तास चढूनही माथा दिसेना. नवऱ्याची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, तसा तो वाटेतल्या एका दगडावर मटकन बसला. शेजारच्या दगडावर चपला काढून बसलेल्या एक आजी तीच पुस्तिका घेऊन वारा घालत होत्या.

"हे ज्या मेल्याने लिहिलंय ना," आजी तिला म्हणाल्या, "त्याला एकदा या वाटेवरून चालवला पाहिजे."

तिने आपली पाण्याची बाटली आजींच्या हातात दिली.



"तेच करतेय, आजी," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली, "उठा लेखकमहाशय, अजून चार धबधबे राहिलेत."