धैर्यशीलचा कावळा

साडेनऊ वाजले तरी कावळा शिवला नव्हता.

पंचगंगेच्या काठी, स्मशानात, धैर्यशीलच्या रक्षाविसर्जनाला दीडशे माणसं ताटकळत उभी होती. राख सावडून झाली होती. त्या जागेवर पाणी शिंपडून केळीच्या पानावर पोराच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. तांबडा रस्सा, दहीभात, कपभर चहा आणि तंबाखूच्या माव्याची एक पुडी. पंचविशीतल्या पोराच्या नैवेद्याचं पान ते. कुणाला बघवत नव्हतं.

समोर पत्र्याच्या शेडवर कावळे ओळीनं बसले होते. मघाशी शेजारी एका म्हाताऱ्याचं पान मांडलं, तर माणसं मागं सरायच्या आत ते त्यावर तुटून पडले. तिथलं संपवून पुन्हा शेडवर जाऊन बसले. धैर्यशीलच्या पानाकडं मात्र नुसते बघत राहिले. एवढे कावळे आणि एकाचाही आवाज नाही. ऊन चांगलं तापलं होतं, तरी अंगावर काटा येत होता.

कावळा शिवेपर्यंत घरी जायचं नाही, हा रिवाज. शिवलाच नाही तर जीव कशात तरी अडकलाय, तो घराभोवती घुटमळत राहणार. धैर्यशीलची आई धोंडुबाई, तिला तेवढीच धास्ती होती. पोर गेलं ते गेलं, निदान वाटेला तरी लागू दे, असं ती सारखी पुटपुटत होती.

एकेकानं पुढं होऊन हात जोडले आणि शब्द दिले. वडील पिराजी म्हणाले, निशिगंधाचं लग्न तुझ्या मनासारखं करतो. निशिगंधा, त्याची धाकटी बहीण, म्हणाली, आईला अंतर देणार नाही. मामांनी काय काय कबूल केलं ते त्यांनाही नंतर आठवलं नसतं. कावळे ढिम्म हलले नाहीत.

शेवटी निशिगंधाच बोलली. "फोन. दादाचा जीव त्या फोनात अडकलाय."

ते तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. धैर्यशील आणि त्याचा जिवलग दोस्त आकाराम, दोघांचं राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. २००७ च्या जूनमध्ये अमेरिकेत एक बिनबटणांचा, सगळा काचेचा फोन निघाला. पेपरात त्याचं चित्र बघितलं आणि गडी खुळावला. पुण्या-मुंबईच्या एकूण एक व्यापाऱ्याला विचारून झालं. उत्तर एकच, भारतात विक्री नाही. नेट कॅफेत जाऊन कंपनीचं पान उघडलं, तर देशांच्या यादीत भारताचं नावच नव्हतं. त्यानं ती यादी तीनदा वरखाली केली. मग दुकानात येऊन दिवसभर शिव्या देत बसला. आमचं पैसं काय पैसं न्हाईत व्हय, असं तो ज्याला त्याला विचारायचा, आणि गिऱ्हाईक बिचारं आपला मेलेला फोन हातात धरून ऐकून घ्यायचं.

मग त्यानं एका गिऱ्हाइकाच्या अमेरिकेतल्या मेहुण्याला गळ घातली. मेहुणा दुकानाच्या पत्त्यावर पार्सल पाठवतो म्हणाला. दुकान आकाराम उघडायचा. पार्सल आलं का, असं धैर्यशील आल्या आल्या विचारायचा आणि आकाराम नाही म्हणून मान हलवायचा. दसरा होऊन गेला. गोव्यात कुणी गोरा तसला फोन विकतोय, असं कानावर आलं तेव्हा धैर्यशीलचा धीर सुटला. पहाटेच गाडीला किक मारली. गगनबावड्याच्या घाटात धुकं होतं, आणि पुढनं येणारा ट्रक त्याला दिसला नाही.

माणसांनी आकारामला पुढं केलं. तूच दे शब्द, म्हणाले, तुझं ऐकंल तो. आकाराम तीन दिवस जेवला नव्हता. पानासमोर उभा राहून, घसा साफ करून त्यानं सांगितलं की आज ना उद्या तो फोन आपल्याकडं विकायला येईल, आणि आला की पहिला तुझ्या फोटोपुढं ठेवीन.

शेडवरचा एक कावळा उडाला.

धोंडुबाईनं हात जोडले. कावळा पानाशेजारी उतरला. रश्शाकडं बघितलं नाही, भाताकडं बघितलं नाही. पानाला वळसा घालून तो चालत आला आणि आकारामच्या पायांपाशी थांबला. आकाराम एक पाऊल मागं सरला. कावळा एक पाऊल पुढं आला. आकाराम पुन्हा सरला. कावळा पुन्हा आला.

पिराजी बराच वेळ ते बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "आकाराम, तुझ्यापाशी त्याचं काय हाय?"

आकारामनं पँटच्या खिशात हात घातला. काळ्या काचेची एक वडी बाहेर काढली आणि वाकून पानाच्या कडेला ठेवली. चित्र सगळ्यांनी बघितलेलं होतं. निशिगंधानं तोंडावर पदर दाबला.

दोन दिवस वापरून देणार होतो, असं काहीतरी तो बरळत होता. वापरणार तरी काय? इथलं कुठलंच कार्ड त्यात चालत नव्हतं. नुसता उजेड पाडून बघत बसायचा.

कावळा वळला आणि त्यानं भाताला चोच लावली. शेडवरचे बाकीचेही उतरले. पान बघता बघता रिकामं झालं. रिवाजाप्रमाणं आता माणसांनी घरी जायचं. पण कुणी हललं नाही.

"कवा आलता ह्यो?" धोंडुबाईनं विचारलं.

"त्यो गोव्याला निघाला, त्याच्या आदल्या दिवशी," आकाराम म्हणाला.