नितळ पाणी

“शेवाळ हाय बाई!” विरूपाक्ष ओरडला, तसा चौथीचा सगळा वर्ग खिडकीपाशी गोळा झाला.

पोरांनी घरून आणलेलं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून खिडकीत मांडलं होतं. टँकरचं पाणी सगळ्यांचं सारखंच, तळाला बोटभर गाळ. एकट्या चांगुणाचं तेवढं नितळ, आणि त्यातच शेवाळाचा हिरवा धागा. चांगुणा बौद्धवाड्यातली. टँकर तिच्या वस्तीपर्यंत पोचायच्या आतच रिता होई.

शिवकांताबाई हरखल्या. लातूर जिल्हा नवा, तिथलं शिक्षकांचं प्रशिक्षणही नवं. उत्तर सांगू नका, पोरांना शोधू द्या. पण दुष्काळात अर्धपोटी पोरं वर्गात पेंगत. आज पहिल्यांदा त्यांचे डोळे चमकत होते.

“शेवाळ कुठं धरतं?”

“विहिरीत. दगडाला.”

“गावात पाणी असलेली विहीर कुठली?”

“एक बी न्हाई.”

“मग हे पाणी आलं कुठून? चांगुणा, तू सांग. चुकलं तरी चालेल.”

चांगुणा मान खाली घालून उभी राहिली. पोर बुजली, असं बाईंना वाटलं. तिच्या पाठीवरून हात फिरवून त्या पोरांना घेऊन निघाल्या.

गावातल्या विहिरी एकेक करून पाहून झाल्या. राहिली ती निजामोद्दीनच्या मळ्यातली बांधीव विहीर, पत्र्यांनी झाकलेली. आटली, असं त्यानंच गावाला सांगितलेलं. विरूपाक्षानं फटीतून खडा सोडला. आत डुबुक वाजलं. पोरं नाचायला लागली. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

विरूपाक्ष सरपंचाचा नातू. सांजेला सरपंच माणसं घेऊन मळ्यात गेला. पत्रे निघाले, पाणी उपसायचं इंजिन बसलं, पहारा बसला. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया नेहमीसारख्या पहाटेच्या अंधारात गुपचूप घागरी घेऊन आल्या, तर त्यांना बांधावरूनच हाकललं.

निजामोद्दीन शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

“गावाशी झूट बोललो मी, बाई. वस्तीला टँकर मिळत न्हाई म्हणून बोललो. पाणी थोडंच होतं. त्यायला पावसापतुर पुरलं असतं.”

 तो तसाच माघारी वळला.

इंजिनानं आठवडाभरात विहीर कोरडी केली. वस्तीतली घरं एकामागून एक गाव सोडू लागली. चांगुणा शाळेत येईना, तेव्हा बाई तिच्या घरी गेल्या. दारात तिची आई सुमनबाई गाठोडं बांधत होती. लेकरं बापाबरोबर पुढं गेली होती.

“विहिरीचं चांगुणाला ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या. “मग तिनं मला थांबवलं का नाही?”

सुमनबाईनं गाठ आवळली.

“म्या बी तेच इचारलं तिला. म्हणली, बाई लई खूश झाल्या होत्या.”