सोडलेलं दार

वीज-गॅसची कंपनी भर उन्हाळ्यातही हिवाळ्याचे पैसे बँकेतून परस्पर, आगाऊ उपटायची. ब्रिटनमधल्या स्वॉन्सीच्या ग्लेनिसबाईला त्याची शिसारी आली. "मेले तरी तुमच्या दारात थुंकायलासुद्धा यायची नाही," असं फोनवर सुनावून तिने दुसरी, स्वस्तातली कंपनी धरली.

थंडी पडायला आणि त्या स्वस्त कंपनीचं दिवाळं निघायला एकच गाठ पडली.

"मोठा तीर मारलास," नवरा स्वेटरवर स्वेटर चढवत म्हणाला.

"गप रे. अशा वेळी सरकारच आपलं खातं दुसऱ्या कंपनीकडे सोपवतं. पैसेही बुडत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला.

 

"पुन्हा आमच्याच दारात आलात, ग्लेनिसबाई, बरं वाटलं. आगाऊ हप्ता तेवढा वाढवलाय."