एक खातं जादा

निकेशने हिशोबाच्या नव्या अ‍ॅपमध्ये बायकोचा, नमिताचा, मोबाईल नंबर टाकला, तर तिची ऐरोली शाखेतली दोन खाती दिसली. त्याला पगाराचं एकच माहीत होतं.

"हे दुसरं कुठलं?"

भाकरी थापणारे नमिताचे हात थांबले. "डुप्लिकेट आलं असेल."

त्याने मोबाईल तिच्यासमोर धरला.

"अरे, माजा गॅसचा मेसेज पन दोनदा येतो," कोलंबी सोलता सोलता त्याची आई म्हणाली. "काढ ते, आनि जेवायला बस."

त्याने ते खातं अ‍ॅपमधून काढलं आणि हात धुवायला गेला.



सासूबाई मान वर न करताच हळूच म्हणाल्या, "बाय, त्या खात्याला बँकेत माजा नंबर दे. माजा फोन कोनी बगत नाय."