जादा रांग

सात वर्षांपूर्वी सरांच्या विद्यार्थिनीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्साइडच्या स्फटिकावर अणूंची एक जादा रांग दिसली होती. "घाण आहे ती. स्फटिक धुऊन आण," सरांनी झिडकारलं. तिने नऊ वेळा धुतला, रांग हटेना. शेवटी साऱ्यांदेखत सर म्हणाले, "हे काम तुझ्या आवाक्यातलं नाही." त्यानंतर ती प्रयोगशाळेत आलीच नाही. आज तशाच स्फटिकावर क्ष-किरण सोडून केलेल्या तपासणीतही तीच रांग निघाली. ते अणू स्फटिकाचेच होते. त्यांनी तिचा नंबर शोधून फोन लावला. "तू बरोबर होतीस, पोरी. मीच चुकलो." पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "मला तेव्हाही माहीत होतं, सर." "परत येशील?" "घर टाकून कशी येऊ?" "निदान त्या रांगेचं चित्र पाठवतो." "नको, सर. पाहिलं की परत यावंसं वाटेल."