भिंतीपलीकडची खडखड

"आवाज येतोय तोवर काळजी नको, पोरी. थांबला, तर मात्र बघायला ये," गिदो म्हणाले होते. लारिसाने ते हसण्यावारी नेलं.

ओलेक्सा गिदो तिचे सख्खे आजोबा नव्हते. जोडघराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात एकटे राहायचे, आणि अख्खी गल्ली त्यांना गिदो, म्हणजे आजोबाच, म्हणायची. ऐन थंडीत त्यांच्या तळघरातली भट्टी खडखडू लागली. गरम हवा घरभर ढकलणारा तिचा पंखा फिरला की मधली भिंत थरथरायची आणि लारिसाचं तान्हं दचकून उठायचं.

"गिदो, दळताय तरी काय?" काल दुपारी तिने दारातूनच विचारलं.

"तुझ्या थोरल्या डॅनिलोचे प्रताप! परवा माझ्याकडे खेळताना जमिनीतल्या हवेच्या जाळीतून काहीतरी टाकलंन. आणि मी दीडशहाणा, हवा जोरात यावी म्हणून फिल्टर काढून ठेवलेला. गेलं थेट पंख्यात."

"मग मेकॅनिकला बोलवा ना."

"या गारठ्यात सगळं यॉर्कटन गाव त्याच्याच मागे लागलंय. माझा पंजा आत जात नाही गं. तुझा हात बारीक आहे. येतेस जरा?"

"बाळ झोपलं की येते. पण आज काहीतरी कराच हं, गिदो. डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या."

बाळ रात्री उशिरा झोपलं. त्याच्या शेजारी तीही झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा घर शांत होतं. बाळ अजून गाढ झोपलेलं. किती तरी दिवसांनी लारिसा कॉफी गरम असताना प्यायली. मग नेहमीसारखी भिंतीवर दोनदा थाप मारली. पलीकडून गिदो चमच्याने ठकठक करायचे.

ठकठक आली नाही.

ती खिडकीशी गेली. थंडीत इथे रोज सकाळी सगळे शेजाऱ्यांची छपरं बघतात, भट्टी चालू आहे ना म्हणून. गल्लीतल्या प्रत्येक छपरावर वाफेचा पांढरा खांब सरळ उभा होता. तिच्याही. गिदोंचं धुराडं तेवढं कोरडं होतं.

बाळाला कोटात गुंडाळून, खिळ्यावरची गिदोंच्या घराची किल्ली घेऊन ती धावली. गिदोंच्या स्वयंपाकघरात तिच्या तोंडातून वाफ निघाली. खिडकीच्या काचेवर आतूनही बर्फ धरला होता.

"गिदो?"

तळघरातला दिवा चालू होता. भट्टीचं झाकण काढून भिंतीला नीट टेकवलेलं, बटण बंद केलेलं. गिदो गुडघ्यांवर बसले होते, कपाळ पत्र्याला टेकलेलं, उजवी बाही खांद्यापर्यंत वर सारलेली. हात कोपरापर्यंत पंख्याच्या आत शिरून अडकलेला.

तिने मानेला बोट लावलं. मान पत्र्याइतकीच गार होती.

एका हाताने बाळाला छातीशी धरून तिने दुसरा हात आत घातला. गिदोंची मूठ घट्ट मिटलेली होती. एकेक बोट उलगडलं, तेव्हा तिच्या तळव्यात डॅनिलोचा तीन पायांचा लाकडी घोडा आला.

तिचा हात सहज आत गेला होता.

तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटं राहतं का? मग आत्ताच दोनदा थाप मारा. उत्तर आलं नाही, तर बाळ झोपायची वाट बघू नका.