पाठमोरी परीक्षा

"भिंतीकडे तोंड करा," डॉक्टर म्हणाले. "मी मागून हळू आवाजात आकडे बोलेन. तुम्ही ते तसेच म्हणायचे."

नीरजा वळली. डोळ्यांची तिला धास्ती नव्हती, रक्तदाबाचीही नव्हती. धास्ती होती ती कानांची. विमान शिकायचं तर आधी या ठाण्याच्या डॉक्टरांचा शेरा लागतो. आणि ती वाढली होती भिवंडीत, धामणकर नाक्याजवळ, बारा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडवरच्या माळ्यावर. तिथं पाळण्यातलं पोर लूम चालू असताना गाढ झोपतं आणि बंद पडले की रडत उठतं.

लायसन्ससाठी चाळीस तास उडावं लागतं. एका तासाला पंधरा हजार. वर शिकवणी, परीक्षा, फिया. आकडा जातो दहा-बारा लाखांच्या घरात. चार वर्षांपूर्वी विमान शिकवणाऱ्या क्लबातल्या सरांनी हे सांगितलं तेव्हा नीरजाचं तोंड उतरलं होतं. तिची आई अनसूया मात्र सरांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

"अजून काय लागतं?"

"डोळे आणि कान धड लागतात, ताई. मग उरतो पैशाचा प्रश्न."

"पैशाचं मी बघते," अनसूया म्हणाली.

आणि तिनं बघितलंच. नवरा गेल्यापासून शेड तीच चालवत होती. एक कारागीर लग्नाला म्हणून गावी गेला तो परतलाच नाही. तिनं दुसरा ठेवला नाही, त्याचे चार लूम स्वतः धरले. मग दुसरा गेला. त्याचेही धरले. शेजारपाजारचे म्हणायचे, ही बाई मरायला टेकली आहे.

नीरजाला मात्र तिनं सरांना भेटल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेडमधून हाकललं. हाकललं हाच शब्द खरा. शाळा सुटली की दप्तर टाकून धाग्याच्या कांड्या भरायला बसणारी पोरगी ती. तिला आईनं फर्मावलं, "उद्यापासून खाली पाय ठेवायचा नाही. काल्हेरला आक्काकडे राहायचं." आक्का म्हणजे मावशी. नीरजा भांडली. दोन हात जास्त असले तर पैसे लवकर नाही का जमणार? पण आई कसली ऐकते! तिनं बॅग भरूनच दारात ठेवली.

ते नीरजाच्या मनात सलत राहिलं. आपल्यासाठी राबायचं आणि आपल्यालाच घराबाहेर काढायचं, हा कुठला न्याय? रागारागानं ती फोन लावायची, तर आई उचलायची नाही. व्हिडिओ कॉल केला की मात्र लगेच हजर. "तुझं तोंड दिसल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही," म्हणायची. शेडमधली माणसं अशीच. त्या खटखटाटात ओरडून उपयोग नसतो, ओठ बघायचे आणि कामाला लागायचं. घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही, यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आणि आईचा आवाज तरी केवढा! आत्ताच बाहेरच्या बाकावर ती शेजारणीला सांगत होती, "माझी पोरगी विमान चालवणार!" सगळे पेशंट माना वळवून बघायला लागले. कंपाउंडर म्हणाला, "मावशी, हळू." नीरजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत आल्यावर मास्क लावलेले डॉक्टर दोनदा "बसा" म्हणाले, तरी बाई आपली खिडकीशी उभीच.

"सात, चार, नऊ," मागून पुटपुटल्यासारखं आलं.

"सात, चार, नऊ."

"तीन, शून्य, आठ."

"तीन, शून्य, आठ."

असं पाच-सहा वेळा झालं. मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. नीरजाला तोही ऐकू आला.

"कान उत्तम आहेत."

ती गर्रकन वळली. आई खिडकीतून रस्त्याकडे बघत पाठमोरी उभी होती. पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलेलं.

"अभिनंदन, ताई," डॉक्टर म्हणाले. "मुलगी पास."

अनसूया हलली नाही.

"ताई?" डॉक्टरांनी आवाज चढवला.

"आई!" नीरजा हसली. "अगं, पास झाले मी!"

अनसूया रस्त्याकडेच बघत होती. नीरजाचं हसू मावळलं. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं.

तिनं जाऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला. अनसूया दचकून वळली. वळल्या वळल्या तिची नजर आधी लेकीच्या ओठांवर गेली.

"काय झालं? झालीस ना पास?"

नीरजानं नुसती मान डोलावली. अनसूयाचे डोळे भरून आले. तिनं डॉक्टरांना हात जोडले, टेबलावरचा कागद उचलला, घडी घालून पिशवीत ठेवला.

"आई, कधीपासून?" नीरजानं तिचा चेहरा आपल्याकडे वळवून विचारलं.

"डावा आधीच गेला होता. उजवा या दोन वर्षांत. ते सोड. क्लबात पैसे उद्याच भरू."

"मला नाही शिकायचं!" नीरजा रडत म्हणाली. "मला का नाही बसू दिलंस तुझ्याबरोबर? दोघींनी केलं असतं तर..."

"तर दोन वर्षांत जमले असते," अनसूया म्हणाली. तिच्या त्या मोठ्या आवाजात, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. "पण मग आज इथं कान कुणाचे आणले असते?"